उदक

कमी खर्चात आणि एका दिवसात एखादे पुरातन शहर पाहावयाचे, तर त्यासाठी काय लागते, असे कोणी मला विचारले असते, तर मी वाचन, असे उत्तर दिले असते. आयुष्यभर साहित्याचे अध्यापन केलेल्या माणसाचा हा व्यवसायजन्य भ्रम असतो. ग्रंथांच्या आधाराने गाव आधी मनात वसवावे आणि मग केवळ पडताळणीसाठी तेथे जावे, अशी माझी रीत. कोचीच्या एका दिवसाने तिला धक्का दिला.

निमित्त एर्नाकुलमच्या चर्चासत्राचे होते. ते शुक्रवारी संपले आणि परतीची गाडी रविवारी पहाटेची होती. मधला शनिवार मोकळा. प्रवासखर्च मिळाला होता तो माझ्या एकट्याचा; पत्नी बरोबर आली होती ती आमच्या निवृत्तिवेतनातून. त्यामुळे त्या दिवसाचा खर्च दोघांत मिळून हजार रुपयांवर जाऊ द्यायचा नाही, असा ठराव तिने मांडला, आणि आमच्या घरातल्या बहुतेक ठरावांप्रमाणे तो एकमताने संमत झाला.

शुक्रवारी रात्री मी आराखडा आखावयास बसलो. यादीत अकरा स्थळे झाली. पत्नीने ती वाचली, स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिले आणि पेन्सिलीने सहा खोडली. "पाहायचं की मोजायचं?" एवढेच ती म्हणाली. उरलेल्या पाचांत शेवटी तिने स्वतःच्या अक्षरात एक सहावे नाव लिहिले: चेरलाईचे तिरुमल देवस्थान. ते गौड सारस्वतांचे देऊळ. तिचे माहेर फोंड्याकडचे. कोचीला आपल्या माणसांचे देऊळ आहे, हे तिने लहानपणी आजीकडून ऐकले होते. मी त्या नावापुढे कंसात 'वेळ उरल्यास' असे लिहिले. या दोन शब्दांची आठवण आता सुखाची नाही.

सकाळी एर्नाकुलमच्या धक्क्यावरून सरकारी बोट घेतली. सहलीच्या खासगी नौका पुष्कळ पैसे घेऊन जे पाणी दाखवितात, तेच पाणी ही बोट एका चहाच्या पेल्याहून कमी पैशांत दाखविते. शिवाय शेजारी कामावर निघालेली माणसे असतात आणि शहराची खरी ओळख त्यांच्याच सोबतीत होते. विसेक मिनिटांत फोर्ट कोची आले. किनाऱ्यावर ती सुप्रसिद्ध चिनी जाळी होती. लांब वाशांच्या टोकांना ताणलेले जाळे पाण्यात उतरते, काही मिनिटे थांबते, आणि मग दोरांना बांधलेल्या दगडांच्या वजनाच्या साह्याने चारपाच माणसे ते वर ओढून घेतात. तेव्हा हाती लागलेले मासे मूठभर होते. ओढणाऱ्यांच्या चेहऱ्यावर निराशा नव्हती. ते जाळे पुन्हा खाली सोडीत होते.

तेथून सेंट फ्रान्सिस चर्च चालत गाठता येते. पोर्तुगीजांनी 1503 मध्ये येथे लाकडी प्रार्थनामंदिर उभारले, पुढे ते दगडी झाले. 1663 मध्ये डचांनी कोची घेतल्यावर ते प्रॉटेस्टंटांकडे गेले, त्यानंतर इंग्रजांकडे, आणि आज ते दक्षिण भारतीय चर्चचे आहे. वास्को द गामा 24 डिसेंबर 1524 रोजी कोचीत वारला. त्याला येथेच पुरले होते. 1539 मध्ये त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या. आता तेथे आहे ती मोकळ्या थडग्याची जागा. लोक तिच्याभोवती उभे राहून छायाचित्रे घेत होते. पत्नी मात्र वर पाहत होती. छताखाली दोरीने ओढावयाचे जुने पंखे अजून टांगलेले आहेत. "ओढणारा बाहेर उन्हात बसत असेल," ती म्हणाली. माझ्या टिपणात हा मुद्दा नव्हता.

बसने मट्टनचेरीला गेलो. तेथला राजवाडा पोर्तुगीजांनी बांधून 1555 च्या सुमारास कोचीच्या राजाला नजर केला. डचांनी त्याची डागडुजी केली आणि नाव मात्र त्यांचेच राहिले. आतल्या भिंतींवर रामायणाची चित्रे आहेत. हिरव्या, तांबड्या, गेरूच्या रंगांची इतकी दाटी की, भिंतीला श्वास घ्यावयास जागा उरू नये. हा वाडा शुक्रवारी बंद असतो, हे मी आधी विचारून घेतले होते आणि त्याचा मला अभिमान होता.

तो अभिमान पाच मिनिटांत उतरला. वाड्याच्या मागे, देवळाच्या आवाराला भिंत लागून, 1568 चे परदेशी सिनेगॉग आहे. निळ्या चित्रांच्या चिनी फरशा, 1760 चा घड्याळाचा मनोरा हे सारे मला पाठ होते. दिवसाचा कळस म्हणून मी त्याला दीड तास दिला होता. दार बंद होते. शनिवार. शब्बाथ. आमच्या कोकणातल्या बेने इस्रायलांना लोक 'शनवार तेली' म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, ही गोष्ट मी तीस वर्षे वर्गात सांगत आलो होतो. वाड्याच्या सुट्टीची चौकशी करणाऱ्या मला ती ऐन वेळी आठवली नाही. माहिती असणे आणि ती वेळेवर कामी येणे यांतले अंतर माझ्यासारख्याने तरी ओळखायला हवे होते.

आम्ही समोरच्या पायरीवर बसलो. 1948 नंतर इथल्या ज्यू कुटुंबांपैकी बहुतेक इस्रायलला निघून गेली. गल्लीत आता जुन्या वस्तूंची आणि मसाल्यांची दुकाने आहेत. समाज जवळजवळ संपला, पण त्याचा शनिवार अजून पाळला जातो. पत्नी घड्याळ पाहून म्हणाली, "वेळ उरला." तिने माझ्या कंसाकडे बोटही दाखविले नाही.

चेरलाईला पोचलो तेव्हा उन्हे उतरली होती. दुपारी मिटलेले देऊळ उघडले होते. तेथल्या रिवाजाप्रमाणे मला सदरा काढावा लागला, आणि मी उघड्या अंगाने, समीक्षकाचे कोणतेही कवच न उरता, व्यंकटाचलपतीपुढे उभा राहिलो. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धर्मछळाला कंटाळून गोव्यातली जी सारस्वत कुटुंबे दक्षिणेकडे आली, त्यांच्या वंशजांची ही वस्ती आहे.

येथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. 1986 साली, गोव्यात राजभाषेचा वाद पेटला असता, मी एका नियतकालिकात दीर्घ लेख लिहिला होता. कोंकणी ही मराठीची बोली होय, असे मी सव्वीस वर्षांच्या माणसाच्या आत्मविश्वासाने प्रतिपादिले होते. पुराव्यांत एक पुरावा कोचीचाच होता. डच अधिकारी व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींवर 'होर्तुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. 1678 मध्ये ॲम्स्टरडॅमला निघालेल्या त्याच्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांचे प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलेले आहे. त्या पानाचे छायाचित्र पाहून, लिपी आपली म्हणून भाषाही आपली, असे मी मानले होते. पुढे 1987 मध्ये गोव्याचा राजभाषा कायदा झाला, 1992 मध्ये कोंकणी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली. साहित्य अकादेमीने तर तिला 1975 मध्येच स्वतंत्र साहित्यभाषा मानले होते. मी लेख मागे घेतला नाही. केवळ त्याचा उल्लेख करणे सोडले. विद्वानांत याला मतपरिवर्तन म्हणण्याची प्रथा आहे.

देवळाच्या ओट्यावर एक वृद्ध बाई तुळशीचे हार गुंफीत बसली होती. पत्नी तिच्याजवळ टेकली. काहीतरी विचारले. बाईने मान वर केली, उत्तर दिले, आणि मग दोघी बोलू लागल्या. त्या बाईच्या बोलण्याला मल्याळमचा हेल होता, पत्नीच्या बोलण्याला फोंड्याचा. अधूनमधून एखादा शब्द अडे, मग दोघी तो दोन्ही बाजूंनी उचलून पलीकडे ठेवीत. मला निम्मे कळले. पत्नीचा आवाज मला अनोळखी वाटला. तो किंचित उंच होता, भरभर चालणारा, मधेच हसणारा. पस्तीस वर्षांहून अधिक काळ मी ज्या स्त्रीशी बोलत आलो, तिची मराठी शुद्ध आहे याचे मला कौतुक होते. शुद्ध मराठीत ती इतकी हसत नाही, हे माझ्या ध्यानी आले नव्हते.

बाईने माझ्याकडे पाहून काही विचारले. त्यातला एकच शब्द मी पकडला: उदक. मराठीत हा शब्द आम्ही कधीच पळीपंचपात्रात कोंडला. संकल्प सोडताना तो निघतो आणि पुन्हा झाकला जातो. येथे तो तहानेसाठी वापरला जात होता. बाईने तांब्या पुढे केला. मी ओंजळीने पाणी प्यालो.

परतीची बस मिळेतो आम्ही थांब्यावर उभे होतो. मी म्हणालो, "माझा एक जुना लेख होता..."

"वाचलाय," ती म्हणाली. "आपलं लग्न ठरण्याआधी. बाबांनीच दाखवला होता."

"मग होकार कसा दिलास?"

"शेवटी तुम्ही लिहिलं होतंत, कोणी चूक दाखवून दिल्यास आनंद वाटेल. म्हटलं, बघू."

"इतक्या वर्षांत दाखवली नाहीस."

"दाखवायला जागा हवी होती ना," ती म्हणाली आणि बस आली.

रात्री तिने हिशेब लिहिला: बोट, बस, रिक्षा, तिकिटे, दोन वेळचे जेवण, चहा, आणि मिऱ्यांची एक पुडी. सातशे दहा रुपये. दोनशे नव्वद उरले. कमी खर्चात शहर पाहू इच्छिणाऱ्यांना मी आता एवढेच सांगेन, की वार पाहून निघावे, दुपारच्या बंद दारांचा हिशेब ठेवावा, सरकारी बोटीने जावे, आणि सोबतीच्या माणसाने सुचविलेले स्थळ कंसात घालू नये.

दिवा मालवण्यापूर्वी मी तिच्याकडे पाणी मागितले. मागताना मुद्दाम तिचा शब्द वापरला. उच्चार चुकला असावा, कारण ती हसली. त्या हसण्यात संध्याकाळचा उंच आवाज होता. जुन्या लेखावर मी तेव्हा उदक सोडले.