सायलेन्सर

'सायलेन्सर' या शब्दावर माझे फार दिवसांपासून प्रेम आहे. इंग्रजांनी यंत्रांना दिलेल्या नावांत इतके आशावादी नाव दुसरे क्वचितच सापडेल. ज्या नळकांड्यातून मोटारीचा सगळा गलका बाहेर पडतो, त्यालाच 'गप्प करणारा' म्हणावयाचे! अमेरिकन माणूस त्याला मफलर म्हणतो. हा शब्द चिरंजीवांच्या तोंडून टेलिफोनवर प्रथम ऐकला तेव्हा माझी अशी समजूत झाली की, कॅलिफोर्नियात थंडी पडली असून मुलाने गळ्याभोवती गुंडाळावयास काहीतरी घेण्याचे ठरविले आहे. "चांगला लोकरीचा घे," असा सल्लाही मी तत्परतेने देऊन टाकला. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग तो म्हणाला, "बाबा, मी गाडीबद्दल बोलतोय."

ही गाडी म्हणजे १९९० सालची माझदा मियाटा. चिरंजीवांपेक्षा वयाने सात वर्षांनी वडील. मुलगा अमेरिकेत गेला, नोकरीला लागला, आता चारचौघांसारखी नवी मोटार घेईल, असे आम्हां उभयतांना वाटत होते. त्याने घेतली ती ही दोन माणसांची, कापडी टपाची, आणि दिवे लावले की बेडकासारखे डोळे वर काढणारी. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही त्याच्याकडे सान होजेला गेलो तेव्हा मी प्रथम तिच्यात बसलो. बसलो म्हणण्यापेक्षा उतरलो म्हणणे बरे. विहिरीत उतरतात तसा. माझे गुडघे आणि माझी हनुवटी यांचा इतका निकट परिचय त्यापूर्वी कधी झाला नव्हता. तिसऱ्या माणसाला जागा नसल्यामुळे सौ.ला घरीच राहावे लागे, आणि हे दुःख तिने फार आनंदाने सोसले.

वाहन मात्र मोठे गुणी. साठाव्या शतकवर्षाच्या आसपास इंग्लंडात लोटस एलानसारख्या ज्या हलक्या, उघड्या गाड्या निघत, त्यांची आठवण ठेवून जपानी कारखानदारांनी ही घडविली आणि १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात मांडली. स्वार आणि घोडा एकजीव व्हावेत, अशा अर्थाचा एक जपानी शब्दप्रयोग ते तिच्याबद्दल करतात. इंजिन अवघे सोळाशे घनसेंटीमीटरचे. पण गाडीच हजार किलोंच्या आत असल्यामुळे ते पुरते.

अशा गाडीचा चांगला गप्प बसणारा सायलेन्सर काढून त्या जागी बोलका बसविण्याकरिता पदरचे डॉलर मोजावयाचे, हा बेत मला मुळीच पटला नव्हता. तरी मी काही बोललो नाही. न बोलण्याचे कारण जुने होते.

चिरंजीव पंधरा वर्षांचे असताना एका दुपारी त्यांनी माझ्या जुन्या स्कूटरच्या सायलेन्सरला ड्रिलने भोके पाडली. संध्याकाळी मी ती सुरू करताच आळीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. तो गॅलरीतून धावत खाली आला. त्याचा चेहरा फुललेला होता. "बाबा, पुढच्या चौकापर्यंत जाऊन या ना! एकदा ऐका तरी!" असे तो म्हणत होता. मी ऐकले नाही. चारचौघांसमोर जे बोलू नये ते बोललो, आणि पुढे तीन आठवडे काहीच बोललो नाही. स्कूटरचा सायलेन्सर मी दुसऱ्याच दिवशी बदलून आणला. मुलाला जो बसविला गेला तो मात्र निघाला नाही. तो उद्धट झाला नाही, रुसला नाही. विचारले तेवढ्याचे उत्तर देऊ लागला, इतकेच. पुढे तो परदेशी गेला तेव्हा शेजारी म्हणत, मुलगा फार शांत हो तुमचा! दर रविवारी त्याचा टेलिफोन येई. प्रकृती, हवा, पैसे, आणि मग "आईला देतो का?" मी घड्याळ लावून पाहिलेले नाही, पण तीन मिनिटांच्या वर ते संभाषण जात नसावे.

म्हणून एका शनिवारी त्याने "येता का वर्कशॉपमध्ये?" असे विचारताच मी चपला घातल्या.

वर्कशॉप एका म्हाताऱ्याचे होते. गाडी त्याने चार हात वर उचलून धरली होती आणि तिच्या पोटाखाली आम्ही तिघे उभे होतो. चौतीस वर्षांच्या गंजाने नट धरून ठेवलेले. ते त्याने ज्योतीने तापवून एकेक करून सोडविले. इंजिनापासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंतच्या भागाला त्याने हात लावला नाही. धुरातील विष मारणारा तो डबा काढणे कायद्याने मना आहे. कारागिरी करावयाची ती त्याच्या मागे. तिथून शेपटापर्यंत सव्वादोन इंच व्यासाची स्टेनलेस स्टीलची नळी न्यावयाची होती. नळी वाकविण्यातही खानदानी आणि गावठी असे दोन प्रकार असतात, हे मला तेव्हा समजले. नुसती दाबून वाकविली तर कोपऱ्यावर ती चिमटते आणि धुराची वाट अरुंद होते. आतून आधार देऊन वाकविली तर व्यास सर्वत्र सारखा राहतो. म्हाताऱ्याने असे वळलेले तुकडे घेतले, गाडीखाली धरून पाहिले, खडूने खुणा केल्या, कापले, पुन्हा धरून पाहिले. मागच्या चाकांच्या दांड्यांपासून बोटभर अंतर हवे, कारण तापली की नळी लांबते. म्हणूनच ती लोखंडाने न जखडता रबरी कड्यांतून टांगतात. आधी ठिकठिकाणी नुसते टाके घातले. सगळे जुळल्याची खात्री झाली तेव्हाच पुरते सांधले. सांधताना नळीच्या आत आरगॉन वायू भरून ठेवला होता, आतला सांधा हवेने जळू नये म्हणून. त्या सांध्यावर गवती, जांभळा आणि मोरपंखी असे रंग उमटत गेले. गाडीखाली कोण पाहणार होते ते? पण म्हातारा प्रत्येक सांध्यापाशी थांबून पाही.

नव्या मफलरची अंतर्रचना त्याने मला कापलेला एक नमुना दाखवून समजावून दिली. जुन्यात धुराला कप्प्याकप्प्यांतून वळसे घ्यावे लागतात. यात सरळ नळीच आहे. फक्त तिला शेकडो छिद्रे असून भोवती पोलादाची आणि काचेची लोकर ठासलेली असते. आवाज छिद्रांतून लोकरीत शिरतो आणि तिथे बराचसा जिरतो. लोकर म्हणताच मी चिरंजीवांकडे पाहिले. तेही माझ्याकडेच पाहत होते. टेलिफोनवरचा माझा सल्ला अगदीच वाया गेला नव्हता तर!

तिथे उभा असता मला मॅक्झिम बापलेकांची आठवण झाली. बाप हायरम मॅक्झिम. १८८४ साली त्याने जी यंत्रतोफ केली तिने पुढे जगभर अनर्थ मांडला, आणि तिच्या आवाजाने म्हातारपणी तो स्वतः जवळजवळ बहिरा झाला. त्याचा मुलगा हायरम पर्सी. याने १९०९ साली पेटंट घेतले ते बंदुकीच्या सायलेन्सरचे, आणि पुढे तेच तत्त्व इंजिनांचा आवाज कमी करण्यासाठी वापरले. बापाने गडगडाट करावा आणि मुलाने तो मिटवावा! त्या बापाने घर लवकरच सोडले होते. तरी मुलाने त्याच्यावर पुस्तक लिहिले ते हसतखेळत. आमच्या घरी सायलेन्सरचा धंदा बापाचा होता.

तिसऱ्या प्रहरी गाडी खाली आली आणि सुरू झाली. मी कानांवर हात ठेवावयाच्या तयारीने उभा होतो, पण तशी वेळ आली नाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्याची मर्यादा ९५ डेसिबलची आहे आणि म्हाताऱ्याने तिच्या बरेच आत काम ठेवले होते. आवाज मोठा नव्हता, भरदार होता. मात्र हमरस्त्याला लागल्यावर एक विलक्षण प्रकार घडला. वेग ताशी साठ मैलांवर येताच गाडीत एक घुमारा उठला. तो कानांत नव्हे, छातीत बसे. वेग वाढला की जाई. साठावर आला की पुन्हा हजर. चिरंजीवांचा चेहरा उतरला. दहा मैल कोणी बोलले नाही. मग रस्त्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "बाबा, ऐकताय ना?"

मी ऐकतच होतो. आमच्या घरी वडिलांचा मिरजेचा तंबोरा होता. वडील काळी एकमध्ये गात, आणि लहानपणी रोज पहाटे त्या तंबोऱ्याच्या पहिल्या तारेने मी जागा होत असे. "हा पंचम आहे," मी म्हणालो. "खालचा. आजोबांच्या तंबोऱ्याचा."

त्याने माझ्याकडे असे पाहिले की मला "समोर बघ" म्हणावे लागले. मग मी बोलत सुटलो. अठ्ठावीस वर्षे ज्या विषयावर वर्गात बोलत आलो तो विषय घरात मी प्रथमच काढीत होतो. चार सिलिंडरांचे इंजिन एका फेऱ्यात दोनदा धडकते. साठ मैलांवर ते मिनिटाला एकतीसशेच्या आसपास फेरे घेते. म्हणजे सेकंदाला शंभरावर तीन-चार धडका, आणि काळी एकचा मंद्र पंचम नेमका तिथेच आहे. त्या स्वराला नळी आणि गाडीचे पोट साथ देते. "तर मग तो मोडायचा कसा?" त्याने विचारले. कसा म्हणजे? प्रयोगशाळेत पाण्याची नळी आणि ट्यूनिंग फोर्क घेऊन हवेच्या स्तंभाची लांबी मोजावयास मी शेकडो मुलांना लावले आहे. एका टोकाला बंद अशी नळी मुख्य नळीला फाट्यासारखी जोडावयाची. लांबी त्या स्वराच्या तरंगाच्या चौथ्या हिश्श्याइतकी. तिच्यात शिरलेला तरंग बंद टोकाला आपटून परत येतो तो नेमका उलटा होऊन, आणि येणाऱ्याला मारतो. गरम धुरात ध्वनी अधिक वेगाने धावतो, हे मात्र हिशेबात धरले पाहिजे.

घरी पोहोचल्यावर आम्ही जेवणाच्या टेबलावर कागद पसरला. धुराच्या तपमानावरून आमचा वाद झाला. वाद म्हणजे चक्क वाद, आवाज चढवून. सौ. दोनदा बाहेर येऊन पाहून गेली आणि दोन्ही वेळा काही न बोलता आत गेली. रात्री अकराला आम्ही साडेतीन फुटांवर तडजोड केली. पुढच्या शनिवारी म्हाताऱ्याने ते आकडे पाहिले, मान हलविली, आणि नळी जाणूनबुजून चार इंच जास्त लांब कापून आणली. टोक तात्पुरते बंद करून आम्ही तिघे आलटून पालटून चक्कर मारीत होतो आणि तो दर खेपेस थोडी थोडी नळी कापीत होता. मिरजेचा कारागीर घोडी घासून, तारेखाली दोरा सरकवून जवारी लावतो, त्याच बेताने. चौथ्या खेपेला पंचम नाहीसा झाला. आमच्या हिशेबात दीड इंचाची चूक होती. ती तपमानाची, आणि चिरंजीवांचे म्हणणे बरोबर होते.

आमच्या परतीच्या आदल्या रविवारी डोंगरमाथ्यावरच्या स्कायलाइन रस्त्याने सूर्योदय पाहावयास जाण्याचे ठरले. पहाटे पाचला उठून मी कोट चढविला आणि बाहेर आलो, तो चिरंजीव उघड्या दारातून एक हात चाकावर ठेवून गाडी ढकलीत रस्त्यावर नेत होते. शेजारच्या घरी तीन महिन्यांचे मूल होते. थंड इंजिन सुरुवातीला जरा जोरात बोलते.

"तुम्ही बसा बाबा, मी कोपऱ्यापर्यंत नेतो," तो कुजबुजला.

"तूच बस," मी म्हणालो. "चाक तुला वळवता येते."

तो बसला. मी मागे जाऊन त्या थंडगार पत्र्यावर दोन्ही हात टेकले आणि ढकलू लागलो. रस्ता किंचित उताराचा होता. चपलांचा आवाज होत होता म्हणून मी त्या काढून खिशात घातल्या. कोपरा ओलांडल्यावर गाडी थांबली, मी धापा टाकीत आत उतरलो, आणि त्याने किल्ली फिरविली.