घरातला प्रोजेक्टरचा पडदा कसा पुसावा? मुलांसोबत करायचा एक धडा



विषय वाचून काहीजण म्हणतील, पडदा पुसणे हा काय लेखाचा विषय झाला? पण प्रोजेक्टर आता फक्त शाळेत राहिलेला नाही. अनेक घरांत हॉलच्या भिंतीवर पडदा लागला आहे आणि मुले त्यावर धडे पाहतात, सिनेमे पाहतात. पडदा मळला की आपण काय करतो? हाताला येईल ते फडके ओले करतो आणि फळा पुसावा तसा खसाखसा पुसतो. तिथेच घोळ होतो.

मी धायरीत राहते. २०१७ मध्ये पुणे महापालिकेत जी अकरा गावे आली, त्यांत धायरीही होती. इथली बांधकामे काही थांबत नाहीत. उन्हाळ्यात सकाळी खिडकी उघडी ठेवली, तर संध्याकाळी टेबलावर बोटाने नाव लिहिता येते. तीच धूळ पडद्यावरही बसते. फक्त पांढऱ्यावर ती पटकन दिसत नाही, चित्र जरा मळकट वाटू लागते इतकेच.

दर रविवारी संध्याकाळी आमच्या इमारतीतली आठ-दहा मुले माझ्याकडे येतात. कधी सूर्यमाला, कधी किल्ले, कधी एखादा लहानसा चित्रपट. पडदा पालकांनी वर्गणी काढून घेतलेला, म्हणजे सगळ्यांचाच. एका रविवारी किल्ल्यांचा नकाशा सुरू होता. पाचवीतला एक मुलगा उठला, धावत पडद्यापाशी गेला आणि "काकू, हा आपला सिंहगड!" म्हणून बोट टेकवून मोकळा झाला. हातात नुकतीच शेंगदाण्याची चिक्की होती. व्हायचे तेच झाले, चार बोटांचे तेलकट ठसे उमटले. त्याचे बाबा त्याला न्यायला आले होते. त्यांनी सगळ्यांसमोर सुनावले, "आता नवीन पडदा तूच भरून दे!"

पुढचे दोन रविवार तो आला, पण दाराशी बसला. हात मागे बांधून. प्रश्न विचारला तरी मान खाली. पालकहो, पडद्यावरच्या डागापेक्षा मला हे जास्त लागले. म्हणून तिसऱ्या रविवारी मी पाठ बाजूला ठेवला आणि पडदा पुसणे हाच पाठ घेतला. पुढे कोण? तोच.

पडदा म्हणजे नेमके काय?

मुलांना आधी एक जुनी गोष्ट सांगितली. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२च्या सुमारास हाताने रंगवलेल्या काचपट्ट्या दिव्याच्या उजेडाने पडद्यावर दाखवायला सुरुवात केली. त्या खेळाचे नाव 'शांबरिक खरोलिका'. सिनेमा भारतात यायच्या आधीची ही गोष्ट! मग विचारले, तेव्हा चित्र कुठे होते? काचेवर. आणि पडद्यावर? काहीच नाही. पडदा फक्त आलेला प्रकाश परत पाठवतो.

तोही कसा? साध्या पांढऱ्या पडद्याचा पृष्ठभाग अगदी बारीक खडबडीत असतो. त्यामुळे प्रकाश सगळीकडे पसरतो आणि खोलीत कुठेही बसले तरी चित्र सारखे दिसते. हेच विज्ञानाच्या पुस्तकातले अनियमित परावर्तन. आता एकाच जागी जोरात घासले तर तेवढा भाग गुळगुळीत होतो आणि चकाकू लागतो. डाग कदाचित जाईल, पण चकाकी जाणार नाही. शेजारच्या एका घरी तसा पडदा आहे. मुलांना तो दाखवून आणले. एकदा बघितल्यावर वेगळे समजवावे लागले नाही.

आधी बघा, मग पुसा

दिसणारा ठिपका खरंच पडद्यावर आहे का? प्रोजेक्टर बंद करा आणि खोलीतल्या उजेडात बघा. किंवा प्रोजेक्टर किंचित हलवा. ठिपका चित्राबरोबर सरकला तर तो लेन्सवर किंवा आतल्या भागात आहे, पडद्याला हातही लावू नका. जागचा हलला नाही तरच तो पडद्यावरचा. मात्र चालू प्रोजेक्टरच्या लेन्समध्ये कुणीही डोकावायचे नाही, हे मुलांकडून दोनदा वदवून घ्या.

पुसण्याचा क्रम

१. प्रोजेक्टर बंद करा. पडदा विजेवर गुंडाळला जाणारा असेल तर त्याचाही प्लग काढा. सगळ्यांनी हात धुऊन कोरडे करा.

२. पहिल्यांदा कोरडेच. मऊ ब्रश किंवा स्वच्छ मायक्रोफायबरचे फडके घ्या आणि वरून खाली, अलगद. दाब नको. धूळ असताना ओले फडके लावले तर तिचा चिखल होतो आणि तोच पडदाभर पसरतो. बहुतेक वेळा काम इथेच संपते.

३. डाग राहिलाच तर वाटीभर कोमट पाण्यात भांड्यांच्या सौम्य लिक्विड साबणाचे दोन थेंब टाका. फडके बुडवून घट्ट पिळा, इतके की थेंब पडता कामा नये. पाणी फडक्यावर घ्यायचे, पडद्यावर शिंपडायचे नाही.

४. डागावर फडके हलकेच टेकवा आणि उचला. मग एकाच दिशेने सरळ पुसा. गोल गोल फिरवू नका.

५. साध्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने साबण काढा, कोरड्या फडक्याने टिपा आणि पूर्ण वाळू द्या. ओलसर पडदा गुंडाळला तर बुरशी धरते. पावसाळ्यात पंखा लावून जास्त वेळ थांबा.

आमच्याकडे बोअरचे आणि टँकरचे पाणी येते. ते जड पाणी. वाळले की क्षारांचे पांढरे डाग उरतात. म्हणून आम्ही फिल्टरचे पाणी घेतले. जड पाण्याचा पाठही त्यातच झाला.

हे मात्र नको

सॅनिटायझर, स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश काढायचे द्रव्य, काच पुसायचा फवारा, ब्लीच यांतले काहीही लावू नका. पडद्यावरचा थर खराब होऊ शकतो किंवा पिवळा पडू शकतो. तारेची घासणी आणि स्पंजची खरखरीत बाजू तर लांबच. कागदी टिश्यूही नको, त्याचे तंतू चिकटून राहतात. उजेडातही चांगले चित्र दाखवणारे पडदे, बारीक काचमण्यांचे पडदे आणि ध्वनी पलीकडे जाण्यासाठी छिद्रे असलेले पडदे जास्त नाजूक असतात. त्यांना पाणी लावण्याआधी सोबत आलेली माहितीपत्रिका वाचा. पेनाची किंवा मार्करची शाई असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, कंपनीला विचारा.

पुढे काय झाले?

त्या मुलाने हे सगळे स्वतः केले. बाकीच्यांना तो सूचनाही देत होता. तीन ठसे गेले. चौथा फिकट झाला, पण बाजूने बघितले तर पुसटसा दिसत होता. एक मुलगी म्हणाली, "अजून एकदा जोरात घास ना." तो म्हणाला, "बास. आता घासलं तर चकाकेल." त्याचे बाबा मागे उभे होते. ते पुढे आले, डाग निरखून बघितला आणि म्हणाले, "चित्र लावा बघू." नकाशा लावला, तर तो ठसा दिसेना. "मग राहू दे की," ते म्हणाले. मुलाने मान वर करून त्यांच्याकडे बघितले.

चूक झाली की मुलाला बाजूला बसवू नका, दुरुस्तीत घ्या. आणि पडद्यापाशी येऊन दाखवायचे असेल तर आमची नवी पद्धत करून बघा. प्रोजेक्टरकडे पाठ करून, पडद्यापासून हातभर लांब उभे राहायचे आणि बोटाची सावली हव्या त्या जागी पाडायची. पडद्याला कुणाचा हात लागत नाही आणि कुणाला जागेवर दाबून बसवावेही लागत नाही. मागच्या रविवारी राजगड, तोरणा आणि सिंहगड त्याच मुलाने असे दाखवले.