भांडणाला पद नाही

डेमियन शॅझेल यांचा 'ला ला लँड' (२०१६) पाहावयास गेले ती संगीत नाटकाने घडवलेली एक अपेक्षा घेऊनच. 'सौभद्र'वर वाढलेल्या कानाला हा संकेत अंगवळणी पडलेला असतो, की बोलणे थिटे पडते तेथे पद येते. चित्रपटाचा पूर्वार्ध तो संकेत पाळतो. लॉस एंजेलिसच्या उन्नत मार्गावर खोळंबलेल्या मोटारींतून माणसे उतरून गाऊ लागतात. वेधशाळेत तर मिया आणि सेबॅस्टियन चक्क ताऱ्यांत तरंगतात. (दोघांचा गळा बेताचा आहे, हे मला खटकले नाही.)

पुढे तो दौऱ्यावरून अवचित घरी येतो, जेवण मांडतो आणि भांडण उद्भवते. तबकडी संपते, ओव्हनमध्ये काहीतरी जळते, धुराची घंटा वाजते. गाणे मात्र येत नाही. शेजारी बसलेले माझे पती हळूच म्हणाले, "आता पद नाही का?" ते विनोदाने म्हणाले असावेत, पण नोकरीपायी अकरा वर्षे दोन गावांत दोन बिऱ्हाडे केलेल्या आम्हांला ते जेवणाचे टेबल ओळखीचे होते.

यानंतर ही दोघे एकत्र गातच नाहीत. ती गाते ती एकटी, निवड करणाऱ्यांपुढे. शॅझेल ज्यांचे ऋण मानतात त्या झाक देमी यांच्या 'द अंब्रेलाज ऑफ शेरबूर'मध्ये (१९६४) गॅरेजमधले बोलणेही गायले जाते. म्हणूनच अखेरीस, बर्फ पडत असताना पेट्रोल पंपावर भेटलेल्या त्या दोघांचे चार कोरडे शब्दही गायलेच जातात. देमी अपेक्षाभंगालाही सूर देतात. शॅझेल तो गद्याच्या हवाली करतात, आणि पाच वर्षांनंतरच्या प्रसंगात न घडलेल्या संसाराचे देखणे स्वप्न उभारून त्याची भरपाई करतात. ही रूपबंधाची उणीव आहे, असे मी वर्गात अनेकदा सांगितले, आणि आजही ते मत पूर्णतः सोडलेले नाही.

परंतु अलीकडे चित्रपट पुन्हा पाहताना एक तपशील प्रथमच जाणवला. त्या स्वप्नात सेबॅस्टियन तिच्यासोबत पॅरिसला जातो. आणि स्वप्नाच्या शेवटी तो क्लबात बसतो तो दुसऱ्याच्या पियानोसमोर, श्रोता म्हणून. प्रेम पूर्ण झाले आहे, क्लब मात्र त्याचा नाही. हे मी घरी सांगितले. पती बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग नोकरी कोणी सोडायची होती, तू की मी?"