गोठ्यातले सात दिवस

परदेशवारी करून आलेल्या माणसाला चारचौघांत जे प्रश्न विचारले जातात, त्यांची उत्तरे आता आम्हांला पाठ झाली आहेत. पॅरिस पाहिले का, आयफेल मनोऱ्यावर चढलात का, शाकाहारी माणसाचे तिकडे निभते कसे? आम्ही उभयतां या प्रश्नांना यथाशक्ति उत्तरे देतो. मात्र सर्वांत अधिक समाधान कोठे लाभले, असे कोणी विचारलेच तर आमचे उत्तर ऐकून विचारणारा चमकतो. "गुरांच्या गोठ्यात," असे आम्ही सांगतो. आणि ते अक्षरशः खरे आहे.

आमची कन्या व जावई नोकरीनिमित्त तुलूज शहरी राहतात. सप्टेंबर महिन्यात त्यांनी आमच्यासाठी दोर्दोन्य प्रांतातल्या एका खेड्यात शनिवार ते शनिवार असे बिऱ्हाड ठरविले. मोटारीने दोन-अडीच तासांचे अंतर. त्या प्रांताला जुन्या नावाने पेरिगोर म्हणतात. मधाच्या रंगाच्या चुनखडी दगडाची घरे, अक्रोडाच्या बागा आणि मधून शांतपणे वाहणारी नदी. आमचे बिऱ्हाड म्हणजे एका शेतकरी कुटुंबाचा जुना गोठा, नीटनेटका करून प्रवाशांना भाड्याने दिलेला.

अशा खेड्यातल्या भाड्याच्या घराला फ्रेंच भाषेत 'झीत' म्हणतात. त्यामागचा इतिहास वाचकांना ठाऊक असावा, म्हणून थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समधील तरुण माणसे खेडी सोडून शहरांकडे निघाली, आणि मागे राहिलेली घरे व गोठे ओस पडू लागले. दुसरीकडे, १९३६ च्या कायद्याने कामगारांना वर्षाकाठी दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली होती. पण हॉटेलचे दर परवडणारे नव्हते. या दोन अडचणींची गाठ घालून देण्याची कल्पना आग्नेयेकडच्या डोंगराळ भागात निघाली, आणि १९५१ साली पहिले झीत तेथे उघडले. शेतकऱ्याने पडीक इमारत दुरुस्त करावी आणि शहरी कुटुंबाने ती सुटीपुरती भाड्याने घ्यावी, इतकी ती साधी योजना. १९५५ साली अशा घरमालकांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला. हॉटेलांना तारे देतात, तशा हा संघ घरांना गव्हाच्या ओंब्या देतो, एकीपासून पाचांपर्यंत. आमचे घर तीन ओंब्यांचे होते.

आत पाऊल टाकले आणि क्षणभर आम्ही उंबऱ्याशीच थांबलो. दोन हात जाडीच्या भिंती. गवताने भरलेली गाडी आत यावी एवढे मोठे दार, त्यात आता काचा बसविलेल्या. वर ओकच्या लाकडाच्या काळवंडलेल्या तुळया. जेथे वैरण साठवीत, त्या माळ्यावर निजण्याच्या दोन खोल्या. खाली गव्हाण तशीच राखली होती. तिच्यात पुस्तके आणि नकाशे मांडलेले. भिंतीत दावणीच्या लोखंडी कड्या होत्या. आम्ही त्या मोजल्या, बारा भरल्या. दावे घासून घासून प्रत्येक कडीचा खालचा भाग झिजला होता. त्या झिजेला कोणी रंग लावला नव्हता, हे आम्हांला फार आवडले.

दिवस संथपणे जात. सकाळी जावई गावातून ताजा पाव आणीत. बुधवारी सार्ला गावच्या बाजारातून भाजी, शेळीच्या दुधाचे चीज आणि अक्रोडाचे तेल आणले. संध्याकाळी आमच्या सौभाग्यवतींनी बडोद्याहून नेलेल्या डाळीच्या पिठाचे पिठले केले, आणि गोठ्यात पहिल्यांदाच हिंगमोहरीची फोडणी झाली.

एके दिवशी जवळच्या लास्को येथे गेलो. १९४० साली चार मुलांना तेथील गुहा सापडली. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी आतील भिंतींवर घोडे, हरणे आणि प्रचंड बैल रंगविले आहेत. त्यांतला सर्वांत मोठा बैल तर पाच मीटरांहून लांब! पण प्रेक्षकांच्या श्वासाने व दिव्यांच्या उजेडाने चित्रे खराब होऊ लागली, म्हणून १९६३ साली गुहा लोकांसाठी बंद केली गेली. आज आपण पाहतो ती हुबेहूब प्रतिकृती. खरी गुहा माणसाच्या पावलांपासून दूर ठेवली, म्हणूनच ती शिल्लक आहे.

त्या संध्याकाळी घरमालकीणबाई अंगणातले अक्रोड गोळा करावयास आल्या. वय पंचाहत्तरीच्या आसपास, कंबर किंचित वाकलेली, पण हात मोठे चपळ. आम्ही त्यांना चहा दिला आणि कन्या दुभाषी झाली. कड्यांविषयी विचारताच बाई खुलल्या. एकेका कडीकडे बोट दाखवीत त्यांनी तेथे बांधल्या जाणाऱ्या गाईचे नाव सांगितले. बाराच्या बारा नावे, न अडखळता. १९८४ साली युरोपीय समुदायाने दुधाच्या उत्पादनावर मर्यादा घातली. लहान दुधवाल्यांना ते जड गेले, आणि पुढच्या काही वर्षांत गाई विकल्या गेल्या. दहा वर्षे गोठा रिकामा होता. पाऊस आत येऊ लागला. एक तुळई कुजून खाली आली. त्यांच्या कायद्याप्रमाणे वडिलांच्या मिळकतीत सर्व मुलांना वाटा. दोघे भाऊ शहरात. विकून टाकू म्हणत. बाईंनी कर्ज काढले, भावांना त्यांचे वाटे दिले आणि मग दुरुस्ती केली.

"परक्या माणसांना आत राहू देताना मनाला कसे वाटते?" आम्ही विचारले.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "येथे आता गाईंचा वास येत नाही, हे मला आवडत नाही. पण छप्पर फुकट टिकत नाही. पूर्वी गाई त्याला पोशीत, आता पाहुणे पोसतात."

या एका वाक्याने आम्ही त्या रात्री बराच वेळ जागे राहिलो. आमचे पणजोबा सयाजीरावमहाराजांच्या कारकिर्दीत राजापूरकडून बडोद्यास आले. गावचे चिरेबंदी घर मात्र अजून उभे आहे. सातबाऱ्यावर अकरा नावे आहेत आणि दाराला कुलूप. भावकीत दोन पक्ष. एक म्हणतो, विकून टाका. दुसरा म्हणतो, पूर्वजांची वास्तू, तिला परक्याचा हात लागू नये. आम्ही स्वतः दुसऱ्या पक्षाचे. मात्र लास्कोच्या गुहेला कुलूप मानवले, ते ती डोंगराच्या पोटात होती म्हणून. कोकणच्या पावसात कौलारू घराला कुलूप मानवत नाही. गुहा आणि घर यांना राखण्याच्या रीती वेगळ्या आहेत, हे आम्हांला त्या माळ्यावर पडल्या पडल्या जाणवले.

तिकडचे सारेच गोड आहे, असे मात्र कोणी समजू नये. त्या खेड्यातल्या निम्म्या घरांच्या खिडक्या उन्हाळा सरला की बंद होतात. गावची शाळा केव्हाच मिटली. शहरातून आणि परदेशांतून येणाऱ्या हौशी गिऱ्हाइकांमुळे किंमती चढल्या असून गावच्या तरुण जोडप्याला घर घेणे कठीण झाले आहे, असे बाईच सांगत होत्या. वास्तू वाचली म्हणजे गाव वाचलेच, असे नव्हे. गोठा टिकला, गोठ्यातले जीवन परत आले नाही. तरीही पडलेल्या भिंतीपुढे उभे राहून गाईंची नावे घेता आली नसती, हेही तितकेच खरे.

शनिवारी सकाळी फरशी पुसून, भांडी जागच्या जागी लावून किल्ली परत केली. तेथे तशी रीतच आहे. बाईंनी आम्हांला पिशवीभर अक्रोड दिले आणि लगेच चादरी काढावयास वर गेल्या, कारण दुपारी दुसरे कुटुंब यावयाचे होते.

बडोद्यास परतल्यावर आम्ही भावकीला पत्रे पाठविली. घर विकावे की राखावे, पाहुणे ठेवावे की नाही, हा वाद त्यांत घातला नाही. एवढेच लिहिले की यंदा मिरगापूर्वी कौले परतून घ्यावीत, आणि त्यासाठी आमचा वाटा आम्ही आजच धाडीत आहोत. अकरांपैकी सात जणांचे होकार आले. उरलेल्या चौघांसाठी छप्पर थांबणार नव्हते, म्हणून गड्याला बयाणा देऊन टाकला.