वजनाचा काटा आणि परकराची नाडी

मैत्रिणींनो, तुम्ही रोज साडी नेसत असाल, तर गेल्या पाच वर्षांत आपली कंबर किती वाढली, ते तुम्हाला चटकन सांगता येईल का? मला तरी कुठे येत होतं! साडी बिचारी फार समजूतदार. नाडी थोडी सैल बांधली, एखादी निरी कमी घातली, की झालं.

माझ्या धाकट्या बहिणीचंच पाहा ना. तिला सांगलीला दिलीय. पाच फूट उंची, वजन ५० किलो, हातपाय नुसत्या काड्या. साताऱ्याला माहेरपणाला आली की आई म्हणायची, "अगं, जरा खात जा!" आणि कंदी पेढ्यांचा पुडा तिच्यापुढे सरकायचा. पोट तेवढं पुढे दिसायचं. पण दोन बाळंतपणं झालेल्या बाईचं पोट मनावर कोण घेतं? गेल्या मे महिन्यात पायाची जखम भरेना म्हणून रक्त तपासलं, तर उपाशीपोटी साखर १८०! वय अवघं ३६. आईचं आपलं एकच, "रिपोर्ट बदलला असेल. एवढीशी तर पोर आहे!"

डॉक्टरीणबाईंनी मात्र वजन बाजूला ठेवून टेप काढली. कंबर भरली ३३ इंच.

आपल्याकडे हे असंच असतं म्हणे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं. पण अंगातली चरबी? युडकिनांची ९.१ टक्के, आपल्या याज्ञिकांची २१.२! पोटाच्या आत, यकृताभोवती साचणारी चरबी इन्सुलिनला नीट काम करू देत नाही. म्हणून भारतीय बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत हवी. पुरुषांची ९० च्या. जास्त भरली म्हणजे रोग झालाच असं नाही, पण साखर आणि रक्तदाब तपासून घ्यायला हवा.

माप नाडीच्या जागी घेऊ नका हं, ती पोटाखाली उतरलेली असते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, उघड्या अंगावर, श्वास सोडल्यावर टेप धरायची. पोट आत ओढायचं नाही!

बहीण सांगलीला परतल्यावर मी माझ्या जुन्या परकराची नाडी नीट पाहिली. पूर्वीच्या गाठीची सुरकुती तिच्यावर तशीच होती, आताच्या गाठीपासून चांगली चार बोटं आत. मग शिवणाच्या डब्यातली टेप काढली. ३४ इंच! दोन दिवस कुणाला बोलले नाही. तिसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त देऊन आले. साखर हद्दीवर आहे. डॉक्टरांनी रोज अर्धा तास भरभर चालायला सांगितलंय आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. पेढे बंद, दुपारच्या चहातली साखर सोडणं मात्र जड जातंय, खोटं कशाला सांगू!

आता ह्यांचं माप घ्यायचंय. "माझ्या पँटचा नंबर लग्नापासून ३४ च आहे," असं ऐकवतात. असणारच, पट्टा पोटाखाली बांधल्यावर! काल टेप घेऊन जवळ गेले, तर छाती फुगवून, श्वास रोखून उभे राहिले. सोडतील तेव्हा मोजीन म्हणून मी तशीच थांबले, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.