एका अक्षराचा धडा

आपल्या वसतिगृहाच्या अभ्यासिकेत खिडकीजवळ जो संगणक आहे, त्याची जुळणी मी 2022च्या उन्हाळ्यात केली. आमच्या तुकडीने वर्गणी काढून तो दान दिल्याची नोंद दानवहीत आहे. ही जुळणी पहिल्या वेळी फसली होती, याची नोंद मात्र कुठेच नाही. ती येथे करतो.

सुटे भाग आणून संगणक जोडायचा, तर पहिला निर्णय प्रोसेसरचा. प्रत्येक प्रोसेसर ठरावीक सॉकेटमध्येच बसतो. म्हणून त्यावरून मदरबोर्ड ठरतो आणि मदरबोर्डवरून रॅमचा प्रकार. मित्रांचे सल्ले आले : आकडा मोठा, तेवढा संगणक चांगला. आमच्या तुकडीचे दान नजरेत भरावे, असा सुप्त अहंकार माझ्याही मनात होता. अखेर इंटेलचा कोअर आय5-12400एफ घेतला. सहा कोअर, बारा थ्रेड. शिवाय ‘एफ’ नसलेल्या त्याच प्रोसेसरपेक्षा स्वस्त. ही बचत मला माझ्या चातुर्याची वाटली.

सायंकाळची वंदना झाल्यावर मुलांसमोर कळ दाबली. पंखा फिरला, दिवा लागला. पडदा मात्र काळाच. तार बदलली, रॅम काढून पुन्हा बसवली. उपयोग झाला नाही. नववीतील एक मुलगी रिकामे खोके वाचत होती. तिने त्यावरील एका बारीक इंग्रजी ओळीवर बोट ठेवले : वेगळे ग्राफिक्स कार्ड आवश्यक. ‘एफ’चा अर्थ तोच होता. पडद्यावर चित्र उमटवणारी सोय या प्रोसेसरमध्ये उपलब्धच नसते. त्या काळात ग्राफिक्स कार्डे महाग होती आणि वर्गणीत तेवढे पैसे उरले नव्हते. त्या वर्गणीत ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या एका मित्राची दिवसाची मजुरी होती.

त्या रात्री वसतिगृहातच राहिलो. झोप लागली नाही. शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेत मी कालाम सुत्तावर दोनदा बोललो होतो. ऐकीव गोष्ट पारखल्याशिवाय स्वीकारू नये, हे व्यासपीठावरून ठासून सांगितले होते. दुकानात मात्र मी ऐकीव आकड्यावर विसंबलो.

सकाळी प्रथमच मुलांना विचारले, संगणकावर तुम्ही काय करणार? मराठी टंकलेखनाचा सराव, शिष्यवृत्तीचे अर्ज, सीईटीच्या सराव परीक्षा, व्याख्यानांच्या चित्रफिती. यातील एकाही कामाला सहा कोअर लागत नाहीत. कोअर म्हणजे काय, असे स्वयंपाकघरातील मावशींनी विचारले, तेव्हा मी म्हणालो, चुली समजा. त्या म्हणाल्या, “पण एकच भाकरी सहा चुलींवर वाटून भाजता येते का?” एवढ्या थोड्या शब्दांत हे मला कोणीच समजावले नव्हते. पुष्कळ कामे एकदम चालणार असतील, किंवा एक मोठे काम तुकड्यांत वाटता येत असेल, तरच जास्त कोअर उपयोगी पडतात.

मग त्याच सॉकेटचा कोअर आय3-12100 आणला. चार कोअर, आठ थ्रेड आणि अंगचे ग्राफिक्स. पूर्ण जोर लावला तरी हा 89 वॅटपर्यंत जातो. आधीचा 117 पर्यंत जात असे. पत्र्याच्या छपराखाली आणि वारंवार वीज जाणाऱ्या गावात हा फरक लहान नाही. जुना प्रोसेसर ग्राफिक्स कार्ड असलेल्या एका परिचिताला विकला; तोटा मी सोसला. दोन प्रोसेसरांच्या किमतीतील फरकातून रॅम 8 जीबीची 16 जीबी झाली आणि यूपीएस घेण्यास मोठा हातभार लागला. नवा प्रोसेसर त्याच मुलीने बसवला. कोपऱ्यावरील सोनेरी त्रिकोण सॉकेटवरील खुणेशी जुळवून, जराही दाब न देता. या वेळी पडदा उजळला.

यंदा दुसऱ्या संगणकाची चर्चा चालू आहे, म्हणून हे लिहिले. नावामागच्या अक्षराचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. इंटेलचा ‘एफ’ ग्राफिक्स काढून घेतो. एएमडीच्या रायझन 5 5600मध्ये ते नसते, 5600जी मध्ये असते. तेव्हा देणाऱ्या बांधवांना विनंती अशी, की संगणकासमोर कोण बसणार आणि काय करणार, हे आधी विचारावे. चित्र कुठून उमटणार, उष्णता आणि वीज किती, हे त्यानंतर पाहावे. तुकडीचे नाव सर्वांत शेवटी. आणि दुकानात जाताना वसतिगृहातील दोन विद्यार्थी सोबत न्यावेत. पैसे देण्यापूर्वी खोके त्यांच्या हाती वाचायला द्यावे.