यादीत कोण कोण आहे?

मैत्रिणींनो, संक्रांत झाली की रथसप्तमीपर्यंत आपल्याकडे घरोघरी हळदीकुंकू असतं. आदल्या दिवशी आपण कागद-पेन्सिल घेऊन बसतो नि बोलवायच्या बायकांची नावं काढतो. समोरच्या वहिनी, भिशीतल्या सगळ्याजणी, मुलाच्या मित्राची आई. पंचवीस-तीस नावं सहज होतात. आता एक करून पाहा. आपल्या वॉर्डाची मतदारयादी मिळवा आणि दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवा.

मागच्या चौकातल्या शिवणकाम करणाऱ्या भाभी हळदीकुंकवाच्या यादीत नसतात. ओढ्यापलीकडच्या वस्तीतून आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी नसतात. दोन घरं टाकून राहणाऱ्या, यजमान गेलेल्या काकूही नसतात. मतदारयादीत मात्र या सगळ्याजणी आहेत, आणि प्रत्येकीचं मत तुमच्या-माझ्याइतकंच, एक.

तुम्ही म्हणाल, सणाच्या गोष्टीत राजकारण कशाला आणता? अहो, ते मी आणलेलं नाही. निवडणूक जवळ आली की उमेदवारच मांडव घालून हळदीकुंकू करतात, स्टीलचे डबे वाण म्हणून वाटतात. बायका एकत्र करायच्या म्हणजे दुसरं काही त्यांना सुचतच नाही.

आपल्याच महाराष्ट्रात बायकांनी याहून फार वेगळी मोट बांधली होती. १९७२ चा दुष्काळ आठवणाऱ्या आता सासूबाईंच्या वयाच्या झाल्या असतील. धान्य, तेल, साखर, रॉकेल, सगळ्याची टंचाई नि भाव रोज वर. त्या वर्षी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी, तारा रेड्डी दुसऱ्या कम्युनिस्ट पक्षाच्या. एरवी यांचे पक्ष एकमेकांचं तोंड पाहायला तयार नसत. पण रॉकेलच्या रांगेत कोणी कुणाचा पक्ष विचारत नाही. गिरणगावातल्या चाळीतली बाई नि दादरच्या ब्लॉकमधली बाई, दोघींचा स्टोव्ह सारखाच विझलेला होता.

त्यांनी हातात काय घेतलं, तर लाटणं! ते विकत आणावं लागत नाही, त्याच्यावर कुठल्या पक्षाचं चिन्ह नसतं, आणि ते कुठल्याही जातीच्या, कुठल्याही धर्माच्या स्वयंपाकघरात असतं. दुसरी युक्ती मला त्याहून आवडते. ठरलेल्या वेळी आपापल्या घरात थाळी वाजवायची. ज्या बाईला मोर्चाला जायची परवानगी नव्हती, जिचं मूल तापानं फणफणलं होतं, तीही खिडकीत उभी राहून थाळी वाजवू शकत होती. मोजदादीतून कोणी सुटू नये, ही केवढी समज!

पण मोर्चाला आलेली बाई मत देताना आपल्याबरोबर असेलच असं नाही. त्याला वेगळी, कंटाळवाणी, वर्षानुवर्षांची मेहनत लागते. मृणालताईंनी ती गोरेगावात आधीच केलेली होती. पन्नाशीच्या दशकात त्या तिथल्या ग्रामपंचायतीत होत्या, १९६१ मध्ये मुंबई महापालिकेत निवडून आल्या. झोपडपट्ट्यांत नळ यावेत, संडास व्हावेत म्हणून इतकी भांडणं केली की ‘पाणीवाली बाई’ हेच नाव पडलं. १९७२ ला त्या आमदार झाल्या. १९७५ मध्ये आणीबाणी आली, समितीच्या नेत्या तुरुंगात गेल्या, नि समितीचं काम थंडावलं. १९७७ च्या लोकसभेला मात्र मुंबईतून मृणालताईही निवडून आल्या आणि अहिल्याताईही. इंदिराबाई त्याच निवडणुकीत रायबरेलीला पडल्या, तेव्हा ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा सगळ्यांच्या तोंडी झाली. ती मतं आणीबाणीच्या रागाची होती, असं म्हणतात. असतील. पण राग आल्यावर कुठं जायचं हे लोकांना वीस वर्षांच्या नळांनी दाखवलं होतं, असं मला वाटतं.

आता आपल्याकडं वळू. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये बायकांना १९९० मध्ये तीस टक्के जागा मिळाल्या, पुढे घटनादुरुस्तीनं एक तृतीयांश, आणि २०११ मध्ये निम्म्या. खुर्च्या झाल्या. त्या खुर्चीमागं कोणत्या बायका उभ्या आहेत, हा प्रश्न राहिलाच.

आमच्या गावात नळाला चार दिवसांनी पाणी येतं. कधी पहाटे तीनला, कधी भर दुपारी. पालिकेच्या मागच्या निवडणुकीआधी आम्ही सातजणींनी वॉर्डाची यादी घेतली नि घरोघर फिरायचं ठरवलं. नियम एकच : दोघींनी जायचं, एक त्या गल्लीतली, दुसरी परक्या गल्लीतली.

फिरता फिरता आधी यादीचीच अब्रू उघडी पडली. नव्या सुनांची नावं अजून माहेरच्या गावी, आणि वारलेल्या आजी मात्र हजर! पालिकेसाठी वेगळी नावनोंदणी नसते बरं का. विधानसभेची यादीच वॉर्डवार फोडून वापरतात, आणि ठरवलेल्या तारखेनंतर नाव आलं तर त्या निवडणुकीला उपयोग नाही. नवीन नावासाठी नमुना सहा, पत्ता बदलण्यासाठी नमुना आठ. हे काम पाहणारी व्यक्ती पुष्कळदा अंगणवाडीच्या ताई किंवा शाळेतल्या बाईच असतात; भीती बाळगू नका.

खरी अडचण पुढं आली. कॉलनीतल्या बायकांना पाणी जास्त हवं होतं. वस्तीतल्या मावशी म्हणाल्या, “जास्त राहू द्या, आधी वेळ सांगा. पाण्याची वाट बघत बसलं की माझा रोज बुडतो. आणि पाणी आलं की तुमच्या मोटारी लागतात, मग आमचा नळ नुसता सूं सूं करतो.” एकदम शांतता. कॉलनीतल्या एक वहिनी उठल्याच. “आम्ही पट्टी भरतो, आणि मोर्चा आमच्यावरच?” म्हणाल्या नि गेल्या. आणखी एकीला यजमानांनी ‘हे उद्योग पुरे’ म्हणून घरी बसवलं. सातच्या पाच झालो.

तीन आठवडे हाच वाद. शेवटी ठरलं, पहिला अर्धा तास कॉलनीत मोटार लावायची नाही, आणि पालिकेकडं मागायचं ते ठरलेल्या वेळेचं वेळापत्रक. एकाच मागणीवर थांबलो. बागेचा विषय निघाला, गटाराचा निघाला, मुद्दामच बाजूला ठेवला. सह्या नि अंगठे मिळून साडेतीनशे झाले.

सर्व उमेदवारांना एकाच संध्याकाळी बोलावलं. देवळाच्या सभामंडपात सोय होती, पण तिथं भाभींच्या गल्लीतल्या बायका संकोचल्या असत्या; म्हणून मराठी शाळेचा ओटा. खुर्च्या मोजून उमेदवारांपुरत्याच मांडल्या होत्या, त्यामुळं उत्तरं द्यायला बरोबर आलेले नवरे फाटकाशी उभे राहिले. त्यांची चुळबूळ पाहण्यासारखी होती! एका उमेदवार बाईंना व्हॉल्व्ह कुठं आहे, तो कोण सोडतो, हे तोंडपाठ होतं. त्यांना वस्तीच्या बूथवरही मतं पडली नि कॉलनीच्याही. तरी एकोणीस मतांनी त्या पडल्या.

निवडून आलेल्या बाई दुसऱ्या पक्षाच्या. पण साडेतीनशे सह्यांचा कागद त्यांनाही दिसत होता. दोन महिन्यांत चौकात पाण्याच्या वेळेचा फळा लागला. बहुतेक पाळलाही जातो. मोटारींचं भांडण मात्र उन्हाळ्यात पुन्हा निघालं आहे. येत्या बुधवारी शाळेच्या ओट्यावर बसणार आहोत. उठून गेलेल्या त्या वहिनीही येते म्हणाल्या आहेत. टाकीचं झाकण उघडून दाखवते, म्हणतात, आमच्याकडं तरी किती चढतं ते पाहा.